मुकादमाचा रिपोर्ट

आधीच सांगून ठेवते, माझं डोकं लवकर फिरतं. लोक म्हणतात बाईमाणसानं एवढं तापट असू नये. असू दे, बापाकडून आलंय, आता परत कुणाला देणार? धाराशिवच्या बसस्टँडामागं मिठाईच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत, पुढं गॅलरी, आणि लाईट गेली की टिंव टिंव करत जीव खाणारा इन्व्हर्टर. ह्याला आम्ही ऑफिस म्हणतो. माणसं दोनच. एक मी, दीक्षा, आणि दुसरी तहरीम.

तहरीम माझ्यापेक्षा बरीच लहान आणि माझ्यापेक्षा बरीच शांत. पहिल्या ईदला डबा भरून शीरखुर्मा घेऊन आली आणि त्या दिवसापासून मला आपा म्हणायला लागली. त्यांच्यात थोरल्या बहिणीला आपा म्हणतात. मला मॅडम म्हणणारे सगळे बँकेतले नाहीतर कंपनीतले, आणि मॅडम अशी हाक आली की समजायचं, काहीतरी कटकट आहे. आपा म्हणणारी ही एकटी. तिच्या घरी ती आणि तिची अम्मी, जमिलाबी, दोघीच. अम्मीची नजर गेलेली. ह्या गावात तिच्याजोगं कॉम्प्युटरचं काम माझ्याशिवाय कुणाकडं नाही, आणि अम्मीला टाकून पुण्याला जाणं तिला जमायचं नाही. म्हणजे माझ्याकडचं काम गेलं की तिचं कामच संपलं. हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

तर तुळजापूर रोडवर शेतमाल घेणारी एक कंपनी आहे. तिची वेबसाईट आम्ही बनवली. सोयाबीन निघालं की शेतकऱ्यानं मोबाईलवरूनच मापाची पाळी घ्यायची आणि पाळीच्या दिवशीच ट्रॅक्टर आणायचा. गेटवर रांगा नाहीत, भांडणं नाहीत. गेला हंगाम सुखात गेला. ह्या हंगामात मात्र साईटला काय झालं कोण जाणे. एकाला पाळी पटकन मिळायची, आणि त्याच्याच शेजारच्याच्या मोबाईलवर ते गोल चक्र फिरत बसायचं, फिरत बसायचं आणि शेवटी एरर यायची. कधी कुणाचं अडकंल, ह्याला काही धरबंधच नाही. माझे वडील, आबाराव, तामलवाडीला असतात. त्यांना स्वतःलाच पाळी मिळेना. पारावरचे लोक म्हणत होते, आबाराव, तुमच्या पोरीची साईट झोपली व्हय? वडिलांनी मला फोन करून ते जसंच्या तसं ऐकवलं आणि वर हसले. माझ्या अंगाची लाही झाली.

आता इथं दोन शब्द सांगायला पाहिजेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या साईटचं काम एकटा प्रोग्रॅम करत नाही. एक मुख्य प्रोसेस असते आणि तिच्या हाताखाली बऱ्याच प्रोसेस. लोकांचं काम करतात त्या हाताखालच्या. मुख्य प्रोसेस स्वतः काडी हलवत नाही. ती बाकीच्यांना कामाला लावते, लक्ष ठेवते, आणि एखादी फार वेळ अडकून बसली की तिला मारून टाकते आणि तिच्या जागी नवी आणते. पुस्तकात ह्यांना वेगळी नावं आहेत. पण मी ऊसतोडीवाल्याची पोरगी. माझे आईबाप कितीतरी हंगाम कारखान्यावर कोयता म्हणून गेले. कोयता हे हत्यार खरं, पण तोडीच्या भाषेत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आणि असे कोयते गोळा करून नेतो तो मुकादम. म्हणून मी मुख्य प्रोसेसला नाव दिलं मुकादम आणि हाताखालच्यांना कोयते. तहरीमला ते इतकं आवडलं की तिनं फाइलींनासुद्धा तीच नावं ठेवली.

तेव्हाच मी तिला माझ्या आईचं सांगितलं होतं. एका हंगामात आई, विठाबाई तिचं नाव, उसाच्या फडात तापानं पडली आणि कोपीत, म्हणजे तोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपडीत, नुसती पडून राहिली. मी गावात मावशीकडं शाळेला. मावशी दुकानातल्या फोनवरून मुकादमाला विचारायची, तर तो म्हणायचा, सगळी माणसं बरी हाईत, काम जोरात हाय. त्याच्या बाजूनं ते खोटंही नव्हतं. कामावर होती ती सगळी माणसं बरीच होती. माझी आई कामावर नव्हतीच, मग तिला मोजणार कोण? आई परत आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. तहरीमनं हे सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, आपा, त्या मुकादमाला विचारायलाच नको होतं, सरळ आईला विचारायचं. मी म्हणाले, आता बाई, तेव्हा काय मोबाईल होता आईकडं?

असो. कंपनीत कॉम्प्युटर बघायला रणधीर नावाचा माणूस आहे. अत्तर मारून हिंडतो आणि प्रत्येक वाक्याला मॅडम लावतो. त्या शुक्रवारी सकाळी त्यानं आम्हाला न विचारता सर्व्हरवर प्रोफायलर चालवला. प्रोफायलर म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ कुठं कुठं जातो त्याची झडती घेणारं अवजार. त्याचा रिपोर्ट निघाला. पहिल्याच ओळीत एका फंक्शनचं नाव, आणि जवळजवळ सगळा वेळ त्याच्याच नावावर. फंक्शनचं नाव वाट_बघ. लिहिणारीचं नाव तहरीम. रणधीरनं त्या ओळीभोवती लाल गोल काढला आणि फोटो थेट चेअरमनला, हिंमतरावांना, पाठवला. हिंमतरावांना कॉम्प्युटरचं कळत नाही, पण लाल गोल कळतो. त्यांचा मला फोन आला की साईटचा वेळ कोण खातंय ते सापडलंय म्हणे, मग तुम्ही काय करताय?

तोच फोटो त्यांनी मला पाठवला होता, तो मी मोबाईलसकट तहरीमपुढं आदळला. ती बघून चक्क हसली. म्हणाली, आपा, ही मुकादमाची झडती आहे. वाट बघणं हेच तर त्याचं काम. कोयते कामात असतात तोवर तो बसूनच असतो, म्हणून सगळा वेळ तिथं दिसतोय. ह्यांनी कोयत्यांना तपासलंच नाही. मला पटलं. मी लगेच रणधीरला फोन लावून हेच सांगितलं, तर म्हणाला, मॅडम, रिपोर्ट खोटं बोलत नसतो. मी म्हणाले, अहो, रिपोर्ट खरं बोलतोय, पण तुम्ही विचारलंय कुणाला? त्यानं फोन ठेवला.

मग तहरीमनं प्रत्येक कोयत्याला प्रोफायलर जोडला. काम संपवून कोयता निघाला की जाताजाता त्यानं आपला रिपोर्ट लिहून ठेवायचा. तासाभरानं बघितलं तर रिपोर्ट एकच. सगळे कोयते एकाच नावाच्या फाइलीत लिहीत होते, म्हणजे पुढच्यानं लिहिलं की मागच्याचं पुसलं. तिनं कपाळाला हात लावला आणि प्रत्येकाच्या फाइलीला ज्याचा त्याचा नंबर दिला. परत थांबलो. लाईट गेली, इन्व्हर्टर बोंबलायला लागला. मी खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत, नुसत्या फेऱ्या. खाली स्टँडावर गाड्यांची नावं पुकारत होते, तुळजापूर, लातूर, कळंब, आणि मला वाटत होतं कुठल्या तरी गाडीत बसून सरळ निघून जावं. दोनदा चहा मागवला आणि दोनदा गार करून ठेवला.

जेवणानंतर रिपोर्ट आले. ढिगानं आले. आणि एकूण एक स्वच्छ. कुणी अडकलेलं नाही, कुणाला वेळ लागलेला नाही, सगळे कोयते आपले झरझर काम करून गेलेले. इकडं माझ्या मोबाईलवर मी स्वतः साईट उघडून बघितली, तर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या सभासद नंबरावर तेच चक्र फिरतंय. म्हणजे आजारी माणूस डोळ्यासमोर, आणि तपासणीचे कागद म्हणतायत सगळं ठणठणीत. मी तहरीमवर ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही, पण तिच्या कोडमध्येच काहीतरी असणार असं नक्की म्हणाले. ती खाली मान घालून आकडे वाचत बसली.

तेवढ्यात रणधीरचा फोन. त्याचा आवाज आता फार गोड झाला होता. म्हणाला, मॅडम, चार वाजता साहेब कॉलवर येणार आहेत. बोर्डातले लोक पुण्याच्या पार्टीला काम द्या म्हणतायत. मी तुमच्या बाजूनं बोलतो, पण तुम्ही एक करा. त्या मुलीला कामावरून काढलं असं लेखी द्या. माणूस बदलला म्हणलं की बोर्ड गप्प बसतं.

मी त्याला तिथंच झापायला पाहिजे होतं. एरवी झापलं असतं. पण मला भीती वाटली, सरळ सांगते. कंपनी गेली तर ह्या खोल्या जाणार, मग तहरीम जाणार आणि मीही जाणार. आणि डोक्यात एक किडा वळवळला की रिपोर्ट सगळे स्वच्छ आहेत, उरतंय ते हिचंच फंक्शन, कुणी सांगावं रणधीरचंच खरं असलं तर? मी खुर्चीत बसले आणि हिंमतरावांच्या नावानं मेल लिहायला घेतली. तहरीम शेख यांना आजपासून ह्या कामातून कमी केले आहे. एवढंच लिहिलं. पाठवायच्या बटणाशी येऊन हात अडला. टाक एकदाची पाठवून, असं स्वतःला म्हणत होते, आणि हात काही पुढं जाईना. शेवटी उठले आणि गॅलरीत गेले.

गॅलरीत परत वडिलांचा फोन. अजून पाळी लागंना, ट्रॅक्टरवाला विचारतोय. मी त्यांच्यावर पण चिडले. वडिलांना मी दादा म्हणते. मी म्हणाले, दादा, दहादा सांगितलं, तुमच्याच पाळीचं बघतोय आम्ही. ते म्हणाले, आमच्या शेजारच्या पोराला तर लगेच मिळाली, म्या काय घोडं मारलंय तुझ्या साईटचं? तेवढ्यात तहरीम दारात आली. तिला माझ्या कॉम्प्युटरवर बसायचं होतं, सर्व्हरच्या नोंदी फक्त तिथूनच उघडतात. मी फोनवर बोलता बोलताच हातानं बस म्हणून खुणावलं.

वडील पुढं काहीतरी सांगत होते. आणि मला आठवलं, ती मेल पडद्यावर उघडीच आहे.

मी फोन कानाला तसाच धरून दारापर्यंत आले. ती माझ्या खुर्चीत बसली होती, पाठ माझ्याकडं. पडद्यावर सर्व्हरच्या नोंदी उघडलेल्या, आणि मेलची खिडकी खाली सारलेली. तिनंच सारली असणार. बोटं चालूच होती. वाचली असंल की नसंल वाचली, मला कळंना. विचारावं तरी पंचाईत आणि न विचारावं तरी पंचाईत. फोन ठेवून मी परत गॅलरीत गेले, परत आत आले, पाण्याची बाटली उचलली, न पिता ठेवली. ती एकदाही मागं वळून बघंना.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मॅडम, सापडलं."

एवढं म्हणाली आणि मला कळलं की तिनं वाचलंय.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं मला नीट समजावून सांगितलं, नेहमीसारखंच, आवाजात काही फरक नाही. सर्व्हरच्या नोंदीत सकाळपासून कामाला लागलेल्या प्रत्येक कोयत्याचा नंबर होता. तिनं ते नंबर एका बाजूला घेतले, आलेले रिपोर्ट एका बाजूला घेतले, आणि जोड्या लावल्या. बऱ्याच नंबरांना रिपोर्टच नव्हता. ते कामाला लागले होते, पण परत आलेच नव्हते. फार वेळ अडकले म्हणून मुकादमानं त्यांना मारून टाकलं होतं. आणि रिपोर्ट तर जाताजाता लिहायचा असतो. मेलेला कोयता रिपोर्ट लिहिणार कसा? आमच्याकडं आलेले सगळे रिपोर्ट धडधाकट परत आलेल्यांचे होते, म्हणून सगळे स्वच्छ.

मग तिनं कोयत्यांना काम चालू असतानाच थोड्या थोड्या वेळानं लिहीत राहायला लावलं होतं. म्हणजे मध्येच मारलं तरी शेवटी कुठं होता ते मागं राहावं. तसे मागं राहिलेले रिपोर्ट तिनं मला दाखवले. सगळे एकाच जागी मेलेले. कंपनीच्या जुन्या सभासद शेतकऱ्यांच्या कार्डांवर जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद आहे आणि नव्यांच्या कार्डांवर धाराशिव. जुनं कार्ड आलं की दोन्ही नावं एकाच जिल्ह्याची आहेत हे जुळवायला साईट कंपनीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरला विचारायला जायची. तशी अटच होती कंपनीची, ह्या हंगामापासून सभासदांची यादी त्यांच्याच कॉम्प्युटरवर राहील म्हणून. आणि तो कॉम्प्युटर रणधीरच्या टेबलाखाली होता. एका वेळी एकालाच उत्तर द्यायचा. गर्दी झाली की बाकीचे कोयते तिथंच ताटकळत उभे, आणि वेळ संपली की मुकादम त्यांना उडवणार.

वडिलांचं कार्ड जुनं आहे. शेजारच्या पोराचं नवं. माझ्या स्वतःच्या घरात उत्तर होतं आणि मी त्यांच्यावर चिडले होते.

चार वाजले. हिंमतराव कॉलवर आले, रणधीर त्यांच्या शेजारी. मी तहरीमला म्हणाले तूच सांग, तिनं मान डोलावली आणि सांगितलं. मुकादम, कोयते, मेलेले कोयते, जुनं कार्ड. लाल गोल काढला नाही, पण हिंमतरावांना सगळं कळलं. त्यांच्या स्वतःच्या मळ्यात तोडीवाले येतात, मुकादम काय चीज असते हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. ते रणधीरकडं वळून म्हणाले, ती यादी आत्ताच्या आत्ता ह्यांच्याकडं पाठवा. रणधीरनं पाठवली. तहरीमनं ती सर्व्हरवरच ठेवली, म्हणजे कुणालाही त्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या दारात जायला नको. मी वडिलांना फोन केला आणि आता बघा म्हणाले. ते कॉल ठेवायलाही विसरले. तिकडून नुसता आवाज आला, मिळाली की गं, मिळाली. पारावरचं कुणीतरी हसलं.

हिंमतराव खूष झाले. म्हणाले, पुण्याचं काही राहिलं नाही, हंगाम तुमचाच. आणि मग विचारलं, "त्या मुलीचं नाव काय म्हणालात?" दिवसभर सगळे तिला ती मुलगीच म्हणत होते. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, लेखी कळवा, बोर्डापुढं ठेवतो.

कॉल संपला. खोलीत आम्ही दोघीच. इन्व्हर्टर कधी बंद झाला, लाईट कधी आली, मला पत्ताच नव्हता. तहरीम माझ्या खुर्चीतून उठली आणि तिच्या टेबलाकडं जाऊन बॅग भरायला लागली.

"मी पाठवली नव्हती," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मला भीती वाटली गं. रणधीर तसं म्हणाला, इकडं रिपोर्ट सगळे स्वच्छ, आणि मला..."

तिनं बॅगेची चेन लावली. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. डोळे लाल झालेले होते, आवाज मात्र तसाच शांत.

"तुमच्या आईचं तुम्हीच मला सांगितलं होतं, मॅडम. मग तुम्ही मला का नाही विचारलं?"

लाज वाटली. इतकी की तिच्याकडं बघवंना. मी माझ्या खुर्चीत बसले आणि खाली सारलेली ती मेल वर काढली. तिथं ती एक ओळ तशीच होती. मी पुढचं सगळं खोडलं, तहरीम शेख एवढं नाव ठेवलं, आणि नावापुढं नवीन लिहिलं की साईट का अडकत होती हे ह्यांनी एकटीनं शोधून काढलं, आणि ह्यांच्या कामावर आमच्या ऑफिसात कुणी शंका घेतली असेल तर ती चूक आमची. मी पडदा तिच्याकडं वळवला. तिनं उभ्यानंच वाचलं, एके ठिकाणी शुद्धलेखनाची चूक दाखवली, ती मी सुधारली, आणि ह्या वेळी हात अडला नाही.

मी म्हणाले, खालून पेढे आणू का, अम्मीला घेऊन जा. ती म्हणाली, अम्मीला गोड चालत नाही. हे मला माहीत होतं. गेल्या ईदलाच तिनं सांगितलं होतं.

तिनं ओढणी डोक्यावर घेतली, चपला घातल्या आणि दारात क्षणभर थांबली. मी वाट बघत होते, एका शब्दाची.

"सोमवारी येते, मॅडम," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.